तळहाताखालचा दिवा

हायवेवरच्या सुपरमार्केटनं नगरपालिकेकडे अपील केलं: आमची इमारत रिकामी पडलेली समजा आणि मालमत्ता कर निम्मा करा. "सकाळीच तिथून दूध आणलं मी. भुतानं दिलं वाटतं," म्हातारा टॉइवो सभेत म्हणाला. नगराध्यक्षांनी लोकांना बाहेर काढून दार लावलं. "आयली, माइक बंद कर." कारकून आयलीचं बोट बटणावर थबकलं. माइक चालू राहिला तर बाहेरच्या स्पीकरवर सगळं ऐकू जाणार, आणि तिची नोकरी जाणार. "केलास ना?" "हो." माइकचा लाल दिवा तिनं तळहाताखाली झाकला. "कर निम्मा करू," नगराध्यक्ष सदस्यांना म्हणाले. "तूट भरायला गावची रुग्णवाहिका विकू. हिवाळा सरून बर्फ वितळेपर्यंत कुणी बोलायचं नाही." बाहेरची कुजबुज थांबली. कुणीतरी दार ठोठावलं. नगराध्यक्ष दाराकडे नाही, तिच्या हाताकडे पाहत होते. "आयली, हात उचल."