माना खाली, डोळे बंद

क्लेटनच्या पुढ्यातली बशी तशीच होती. चर्चच्या तळघरात बायांनी रोंडाच्या दफनानंतरचं जेवण मांडलं होतं. चीज घालून भाजलेले बटाटे, हॅम, गोड चहा. रोंडाची दोन्ही पोरं टेबलाखाली लपाछपी खेळत होती. आई गेली म्हणजे नेमकं काय झालं, हे त्यांना अजून कुणी नीट सांगितलं नव्हतं.

गार्लंड टीग खुर्ची ओढून क्लेटनच्या शेजारी बसला. चर्चमधले बाक बनवण्याचा त्याचा कारखाना. क्लेटन आणि त्याची बायको रोंडा, दोघंही तिथेच कामाला. आज गार्लंडनं कारखाना बंद ठेवला होता, सगळ्यांना भरपगारी सुट्टी दिली होती. रोंडाची शवपेटी त्यानं स्वतः रंधा मारून बनवली होती. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

"क्ले, एका शब्दानं तरी सांगायचं होतंस रे," तो म्हणाला. "तिच्या हृदयाचं असं आहे हे मला माहीतच नव्हतं. मी काहीतरी वाट काढली असती."

क्लेटननं मान वर केली नाही. "सांगितलं होतं तिनं. तुमच्याच प्रार्थनेत. हात वर केला होता."

"मला नाही दिसला, देवाशपथ."

"तुम्ही तर समोरच उभे होतात, मिस्टर गार्लंड." क्लेटन उठला, टेबलाखालून पोरांना काढलं आणि निघून गेला.

गार्लंड तिथेच बसून राहिला. ती प्रार्थना त्याला लख्ख आठवत होती. सरकारचा नवा कायदा आला होता. कामगारांच्या विम्यात संततिनियमनाची सगळी साधनं आलीच पाहिजेत म्हणे. गोळ्यांना गार्लंडची ना नव्हती. पण तांबीला होती. तांबी म्हणजे पोटात आलेला जीव हाकलून देणं, हे त्याच्या मनानं घेतलं होतं, मग डॉक्टर काही का सांगेनात. असल्या पापाला आपल्या कारखान्यातून विम्याचा पैसा जायचा नाही, त्यासाठी कोर्टात जायचं, असं त्यानं ठरवलं. पण कामगारांना विचारल्याशिवाय नाही. सकाळच्या प्रार्थनेला त्यानं सगळ्यांना, कारखान्याचे हिशेब बघणाऱ्या आपल्या बायकोलाही, यंत्रांपाशी गोलात उभं केलं आणि रविवारी चर्चमध्ये पास्टर म्हणतो तसंच म्हणाला, "माना खाली, डोळे बंद. कुणी कुणाकडे बघायचं नाही. माझा निर्णय ज्यांना मान्य नसेल त्यांनी हात वर करा."

रविवारी अशा वेळी वर झालेले हात बघतो तो फक्त पास्टर. पण गार्लंडला वाटलं, आपण काही पास्टर नाही. मालक टक लावून बघत असताना गरिबानं हात वर करायचा तरी कसा? म्हणून त्यानं आपलेही डोळे गच्च मिटले. जिला खरंच अडचण असेल ती मागाहून आपणहून येईल, दार उघडंच आहे. बराच वेळ थांबून तो 'आमेन' म्हणाला. मागाहून कुणी आलं नाही. त्यानं देवाचे आभार मानले, कोर्टात गेला आणि जिंकला.

पुढे पुढे मात्र कारखाना जरा गप्प झाला. पॉलिशवाल्या बाया पूर्वी थट्टा केल्याशिवाय त्याला सोडायच्या नाहीत. "मिस्टर गार्लंड, हा बाक असा गुळगुळीत केलाय, प्रवचनात डुलकी घेणारा थेट खालीच यायचा!" त्या आताशा नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या. घरी त्याची बायको नेडीन जेवणाआधीची प्रार्थना त्याच्याबरोबर म्हणेनाशी झाली. वयानं चिडचिड होत असेल, असं त्यानं धरलं.

आणि इकडे रोंडाला डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. दुसऱ्या बाळंतपणात हृदय कमजोर झालंय, तिसरं झेपणार नाही, गोळ्या तुला चालायच्या नाहीत, तांबी बसवून घे. विम्याशिवाय ती त्या दोघांच्या आवाक्यातली नव्हती. जपून राहू, म्हणाले दोघं. राहिलेही. पण शेवटी माणसंच ती. सातव्या महिन्यात आई आणि बाळ, दोन्ही जीव गेले.

गार्लंड उठून स्वयंपाकघरात गेला. नेडीन एकटीच भांडी घासत होती.

"क्ले म्हणतो, रोंडानं त्या दिवशी हात वर केला होता. असं कसं होईल? हात वर केला तर मग ती माझ्याकडे आली का नाही?"

नेडीन घासतच राहिली. "यायचं कशाला? तू बघितलंसच की."

"मी कुठे बघितलं? माझे डोळे मिटलेले होते."

नळ वाहत राहिला. नेडीन वळली.

"तुझेही?"

"मी मालक. माझ्या भीतीनं कुणी हात वर करणार नाही, असं वाटलं मला. म्हणून मिटले."

नेडीननं ओल्या हातानं टेबलाची कड धरली.

"मी डोळे किलकिले करून पाहिलं होतं, गार्लंड. सगळ्या बायांचे हात वर होते. माझासुद्धा. आम्हाला वाटलं, तू सगळ्यांचे पाहिलेस आणि मग आमेन म्हणालास."