चाकाखालची लिंबं

टायरच्या दुकानात, प्लास्टरमधला हात सावरत कुंदाचा नवरा दुकानदाराला म्हणाला, "पुढचे दोनच बदला. मागचे अजून एक पावसाळा काढतील."

कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गेल्या वर्षीही हेच म्हणालात! आणि गेल्या महिन्यात घाटात गाडी मागूनच घसरली ना?"

"दृष्ट लागली होती गं," म्हणत त्याने खिशातून दोन लिंबं काढून मागच्या गुळगुळीत चाकांखाली ठेवली.

कुंदाने वाकून ती उचलली. "भाऊ, चारही बदला. याच मापाचे, ऊन-पावसात सारखी पकड ठेवणारे. जुना एकही स्टेपनीला नको."

"आणि लिंबं?" नवऱ्याने विचारलं.

"पोरीला सरबत करते. गाडी दिसली की अजून थरथरते ती." कुंदाने त्याच्या हातून किल्ली घेतली. "घरी जाताना तुम्ही मागे बसा. त्या दिवशी ती बसली होती, तिथेच."