बसच्या रस्त्यावरून पायी

सुट्टीच्या दिवशी बसचालक आपलाच मार्ग पायी फिरायला निघाला. वीस वर्षं नजर समोरच ठेवली, आज आजूबाजूची दुकानं बघावीत, एवढाच बेत. घड्याळदुरुस्तीच्या दुकानासमोर त्याचे पाय थिजले. डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस त्याचा थोरला भाऊ होता, अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. अंगातला हिरवा स्वेटर आईने गेल्याच हिवाळ्यात विणला होता, मावशीच्या मुलासाठी म्हणून. "दादा... आईला माहीत आहे?" "पहिल्यापासून. दर गुरुवारी येते." "मी वेड्यासारखा शोधतोय, आणि मलाच सांगितलं नाही?" भाऊ बाहेर आला. "तूच म्हणाला होतास, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तुझी बस दिसली की मी आत सरकतो." बसचालक मटकन पायरीवर बसला. 'घरी चल' म्हणण्याऐवजी त्याने भावाची बाही धरली. भाऊ म्हणाला, "थांब, दुकान बंद करतो."