मनातलं सगळं सांगा

"मनातलं सगळं सांगा, कुणाला कळणार नाही," असं म्हणून नर्सनं तब्येतीचे प्रश्न विचारणारं ॲप फोनमध्ये घालून दिलं. पण शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला वाचता येत नव्हतं, आणि घरात फोन एकच, नवऱ्याचा. मग नवराच प्रश्न वाचून दाखवू लागला, तिची उत्तरं भरू लागला.

"झोप लागते का?"

"डोळ्याला डोळा लागत नाही."

"भूक?"

"मेलीय."

"घरात कुणाची भीती वाटते का?" त्याचा अंगठा थांबला. "बोल की. काय लिहू?"

तिनं बाही ओढून मनगटावरचा काळानिळा वळ झाकला.

"लिहा ना... मला मेलीला कुणाची भीती वाटायची?"



'ही उत्तरं देताना तुम्ही एकट्याच होता ना?' हा शेवटचा प्रश्न त्यानं मोठ्यानं वाचला, आणि तिला न विचारताच 'हो' दाबलं.