चाळ पाडण्याचा ठराव

"चाळ धोकादायक आहे, पाडावीच लागेल," अभियंत्यांनी नगरपालिकेच्या सभेत सांगितलं. "तिथंच नवी घरं बांधू. तीन वर्षं लागतील. तोवर रहिवाशांनी आपापली सोय पाहावी."

मागच्या बाकांवरचे चाळकरी उठलेच. "कुठं पाहायची सोय? आणि एकदा हललो की परत कोण घेतंय आम्हाला?"

कीर्तन करणाऱ्या भागीरथीताई खळदकर त्याच चाळीत राहायच्या. त्यांनी सवयीनं पदर खोचला, सगळ्या सभेला हात जोडले. "अध्यक्षमहाराज, छताखाली चेंगरून मरायची हौस आम्हालाही नाही. खुशाल पाडा. पण नगरपालिकेची नवी इमारत बांधून तयार आहे ना?"

"उद्घाटनाला मंत्र्यांची तारीख मिळत नाही हो, ताई."

"मग तोवर आम्ही राहतो तिथं. आमची घरं झाली, की लगेच तुमच्या खुर्च्या आत. रोज संध्याकाळी हरिनाम होईल, वास्तूही प्रसन्न राहील."

सभा खळखळून हसली. विरोधी बाकावरचे गफूरभाई मात्र उभे राहिले. "हसताय काय? माझा पाठिंबा आहे. घ्या ठराव!"

एकेक करत हात वर गेले. नव्या दालनासाठी गेल्याच आठवड्यात सोफा पसंत केलेल्या अध्यक्षांनी घाम पुसला आणि शेवटी आपलाही हात वर केला. मग ते अभियंत्यांकडं वळले.

"काय हो, घरांना किती वेळ लागेल म्हणालात?"

अभियंत्यांनी ताईंकडं पाहिलं, मग अध्यक्षांकडं.

"पुढल्या दिवाळीत किल्ल्या देतो, साहेब."