निम्मं डीएपी

मागच्या साली पल्लवीनं हळदीच्या बेण्याला मायकोरायझा बुरशीची पावडर लावली आणि डीएपी खत निम्म्यावर आणलं. सासरे कोंडीबा चिडले.

"बुरशीनं हळद सडते, अन् तू इकत आणून लावून राहिली?"

"मामा, ही बुरशी मुळायला अन्न पोचवते. डीएपी जास्त झालं की मात्र तिचं काम थांबतं. एक साल माझं ऐका."

हळद अशी निघाली, की डोंगरकडा गावातल्या बचत गटाच्या बाया कंद हातात घेऊन बघायला आल्या. यंदा साऱ्याजणींनी तीच पावडर आणली. "पल्लवी म्हणते म्हणून आमी बी निम्मंच डीएपी टाकणार," असं त्या घरोघरी सांगू लागल्या.

कोंडीबांना जेवण जाईना. लागवडीच्या आदल्या दिवशी ते सुनेजवळ येऊन बसले.

"पोरी, त्या बायायला थांबव. मागच्या साली तू माहेरी गेलतीस तवा, पीक गेलं तर लोक तुला हसतील या भेवानं, राहिलेलं निम्मं डीएपी मी टाकलं व्हतं."