चालकाचा दाखला

परीक्षकांनी शेवटचा प्रश्न विचारला. "टाकीत माणूस उतरवायच्या आधी काय करायचं?"

धर्मराजनं बोटं मोजत सांगितलं, "झाकणं उघडायची, हवा सोडायची, वायू तपासायचा, दोर बांधायचा. वर दोन माणसं ठेवायची. यातलं एक बी न्हाई झालं तर उतरवायचं न्हाई. कुणीबी सांगू द्या."

"कुणीबी सांगू द्या, हे पुस्तकात नाही."

"न्हाई साहेब. ते कारभारीमुळं कळलं."

परीक्षकांनी पूर्ण गुण दिले. कारभारी कोण, ते विचारलं नाही.

जालन्याबाहेरच्या एका वसाहतीचं सांडपाणी केंद्र धर्मराज चौदा वर्षं चालवत होता. फेसाचा रंग बघून तो सांगायचा, पाण्याला हवा कमी पडून राह्यली. पण हजेरीपुस्तकात तो मजूरच, आणि त्याच्यासोबतचा कारभारी नावाचा गडीही मजूरच.

जूनमध्ये धर्मराज भाच्याच्या जावळाला जांब समर्थला गेला होता. तिथं कारभारीचा फोन आला. टाकीत गाळ तुंबला होता आणि मॅनेजर आत उतर म्हणत होते. धर्मराजनं लगेच मॅनेजर राजानंदला फोन लावला.

"साहेब, तिथला पंखा बंद हाय. मी येईस्तोवर कुणाला उतरवू नका."

"तू काय इंजिनेर हाईस का? कागद हाय तुझ्याकडं?"

तो पोचला तेव्हा कारभारीला बाहेर काढून सिमेंटवर निजवलं होतं. अंगावर गाळ तसाच होता.

पंधरा दिवसांनी राजानंद स्वतः वडीगोद्रीला धर्मराजच्या घरी आला. चहाला त्यानं हात लावला नाही.

"तुझं ऐकायला पाह्यजे होतं," तो म्हणाला. "केंद्र चालवणाऱ्या चालकांची परीक्षा असते. तू बस. सगळं मी बघतो."

तो गेल्यावर धर्मराजची बायको म्हणाली, "आत्ताच कसं काय सुचलं यांला?"

"माणूस गेल्यावर तरी सुचलं," धर्मराज म्हणाला.

तो पहाटे उठून अभ्यास करू लागला. कारभारीच्या बायकोला, नंदाबाईला, त्यानं जाऊन सांगितलं, "वैनी, एकदा कागद हातात येऊ द्या. मंग पोलीस ठाण्यात माझा शब्द कुणी मोडणार न्हाई."

"मला दुसरं काय बी नको, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही तेवढं बोला."

जुलैच्या शेवटी परीक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये केंद्रावर छोटासा सत्कार झाला. राजानंदनं शाल पांघरवली, नारळ दिला आणि फ्रेम केलेला दाखला धर्मराजच्या हातात ठेवला. सगळा मजकूर इंग्रजीत होता. त्यात त्यानं आपलं नाव तेवढं शोधून काढलं. चौदा वर्षांत त्याचं नाव पहिल्यांदाच छापून आलं होतं. त्याला रडू आलं.

आठवड्यानं ठाण्यातून जबाबासाठी बोलावणं आलं. धर्मराजनं दाखला टॉवेलात गुंडाळून सोबत घेतला. नंदाबाई आधीच बाकावर येऊन बसली होती.

त्यानं काहीच लपवलं नाही. जावळ, कारभारीचा फोन, बंद पंखा, राजानंदचे शब्द, सगळं सांगितलं. फौजदारानं ओळ न् ओळ उतरवून घेतली, वाचून दाखवली आणि खाली सही घेतली.

"साहेब, मजूर बोलून राह्यला असं समजू नका," धर्मराज म्हणाला आणि त्यानं टॉवेल सोडला. "हे बघा. मी पास झालेला चालक हाय."

फौजदारानं दाखला उजेडात धरून सावकाश वाचला. मग फाईल उघडली आणि राजानंदनं आधीच दिलेल्या कागदाशी तो ताडून पाहिला.

"बरोबर आहे. एक एप्रिलचा दाखला," तो म्हणाला. "म्हणजे जूनमध्ये तिथले जबाबदार चालक तुम्ही होता, आणि माणूस टाकीत उतरत असताना तुम्ही जावळाला गेला होता."